बाबांची सही बारीक का होत चालली आहे? पार्किन्सन्स ओळखायचा कसा आणि त्यावर उपचार काय?

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. जळगाव असो की धुळे, बँकेत सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत कधी ना कधी हे दृश्य दिसतंच. काउंटरवरचा माणूस कागद परत सरकवतो, "आजोबा, सही जुळत नाहीये." आजोबा पुन्हा सही करतात. पहिली दोन अक्षरं नीट येतात, पुढची बारीक होत जातात आणि आडनाव संपेपर्यंत अक्षर मुंगीएवढं होतं. सोबत आलेला मुलगा ओशाळून म्हणतो, "वय झालंय त्यांचं." घरी हेच अहिराणीत ऐकू येतं, "आते वय व्हई गये."

बऱ्याचदा ते खरंच वय असतं, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. पण लिहिता लिहिता अक्षर लहान होत जाणं हे पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक आहे. "वय झालं" या दोन शब्दांमागे या आजाराची पहिली काही वर्षं सहज लपून जातात. त्या काळात कुणी खांदेदुखीसाठी मालिश करून घेत असतं, कुणी अशक्तपणासाठी सलाईन लावून घेत असतं, तर कुणी "बाबा आता बोलतच नाहीत" म्हणून रुसून बसलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता. महाराष्ट्रातला एक जुना अभ्यास डॉक्टर आजही आठवतात. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये झालेल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे ३२८ रुग्ण सापडले होते. हा आकडा मोठा दिसतो, त्याचं एक कारण म्हणजे त्या समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त आहे. खान्देशातल्या गावांमध्येही आता हेच चित्र तयार होतंय. तरुण पुणे, सुरत, नाशिकला आणि घरात आजी-आजोबा. मग आजोबांची चाल बदललीय, हे रोज बघणारं घरात उरतं कोण?

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच का?

नाही. आणि हात थरथरत नाही म्हणजे पार्किन्सन्स नाही, असंही नाही. या आजाराबद्दलचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे.

पार्किन्सन्समधली थरथर बहुधा हात निवांत असताना येते. माणूस ओट्यावर बसलाय, हात मांडीवर ठेवलाय आणि अंगठा व बोटं आपोआप हलतायत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, तळहातावर तंबाखू चोळतोय किंवा जपमाळ ओढतोय. तोच हात चहाचा कप उचलायला पुढे गेला की थरथर कमी होते. याउलट एरवी हात स्थिर असतो, पण बशी तोंडाकडे नेताना चहा सांडतो, सुईत दोरा ओवताना हात हलतो, असं असेल तर तो बहुतेक वेळा दुसराच प्रकार असतो. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तो अनेकदा घराण्यात चालत येतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. थायरॉइडमुळेही हात थरथरतात.

पार्किन्सन्सचं मुख्य लक्षण थरथर नसून मंदपणा आहे. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. अंथरुणात कूस बदलणं जड जातं. चालताना एका हाताचा झोका थांबतो, तो हात अंगाला चिकटल्यासारखा राहतो. पाऊल घासत पडतं, चप्पल वाजते. आवाज हळू होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि डोळ्यांची उघडझाप मंदावते. लोकांना वाटतं माणूस रागावलाय किंवा त्याला कशातच रस उरलेला नाही. खरं तर त्याला हसू आलेलं असतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. सोबत स्नायूंमध्ये ताठरपणा असतो. त्यामुळे खांदा दुखतो आणि कित्येक रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरकडे जातात. तोल जाणं, पडणं हे सहसा नंतर सुरू होतं.

एक खूण लक्षात ठेवा. पार्किन्सन्स जवळजवळ नेहमी शरीराच्या एकाच बाजूने सुरू होतो आणि पुढेही ती बाजू जास्त त्रास देत राहते.

काही खुणा तर थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येतात. जुनी, न हटणारी बद्धकोष्ठता. वास न येणं: भरताची वांगी चुलीवर भाजली जातायत, सगळ्या घराला कळलं आणि आजोबांना पत्ताच नाही. झोपेत ओरडणं, लाथा मारणं, म्हणजे स्वप्नात जे चाललंय ते अंगाने करणं. यातली एखादी गोष्ट अनेक निरोगी माणसांमध्येही असते, त्यामुळे एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण यांच्या जोडीला मंदपणा दिसू लागला तर मेंदूविकारतज्ज्ञाला, म्हणजे न्यूरोलॉजिस्टला, एकदा दाखवाच.

आणि हो, हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही. साठीनंतर तो जास्त दिसतो हे खरं, पण हॉलिवूडचा अभिनेता मायकल जे. फॉक्स याला १९९१ मध्ये निदान झालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

मेंदूत नेमकं काय बिघडतं?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून तो जागतिक पार्किन्सन्स दिन. आयुर्वेदात कंपवात या नावाने जे वर्णन येतं, ते याच्याशी बरंच जुळतं. कारण मात्र विसाव्या शतकातच उलगडलं.

मेंदूच्या मध्यभागाजवळ सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा लहानसा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायची, तिचा वेग ठेवायचा आणि ती सहज व्हायची, यासाठी डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. लक्षणं ठळक दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात, असा अंदाज आहे. मरणाऱ्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात.

निदानासाठी नेहमीच्या वापरातली अशी कुठलीही रक्ततपासणी नाही. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो, तो मुख्यतः दुसरे आजार नाहीत ना हे बघायला काढतात. डॉक्टर तुम्हाला चालायला लावतात, बोटं आपटायला सांगतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात आणि त्यावरून ठरवतात. "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काही नाही" असं म्हणून लोक इथे फसतात.

कारण काय? आणि फवारणीचा काही संबंध आहे का?

बहुतेक रुग्णांमध्ये एकच एक कारण दाखवता येत नाही. वय हा सगळ्यात मोठा घटक. काही घराण्यांमध्ये जनुकांचा वाटा असतो, पण वडिलांना आहे म्हणजे मुलाला होणारच असं नाही. हा आजार संसर्गजन्य नाही, एकाच ताटात जेवल्याने होत नाही.

कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक पुतळ्यासारखे ताठ होऊन दवाखान्यात आले. लक्षणं पार्किन्सन्सची आणि वय मात्र विशी ते चाळिशीतलं. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला तेव्हा कळलं, की त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं. शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं, ते डोपामिनच्या पेशी मारतं. त्या रूपाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी खूप मिळतीजुळती निघाली, आणि संशोधकांची नजर शेतीकडे वळली.

अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या शेतकरी व फवारणी करणाऱ्यांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट किंवा रोटेनॉन वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. फ्रान्सने २०१२ पासून कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायातून झालेला आजार मानला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. भारतात त्याला परवानगी आहे, आणि ज्या पिकांसाठी परवानगी आहे त्यात कापूसही येतो.

याचा अर्थ तुमच्या काकांना फवारणीमुळेच पार्किन्सन्स झाला, असा होत नाही. एका माणसाबद्दल तसं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल, पाय उघडे आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारणी, हे चित्र आपल्याकडे इतकं रोजचं आहे की त्यात धोका आहे हेच विसरायला होतं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फवारणीनंतर लगेच अंघोळ हे विषबाधेसाठी जितकं खरं, तितकंच मेंदूसाठीही.

आधी घरातला औषधांचा डबा उघडा

हा भाग सगळ्यात जास्त शेअर व्हायला हवा, असं मला वाटतं. काही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं तयार करतात. चक्करसाठी दिली जाणारी सिनारिझिन, अर्धशिशी आणि चक्करसाठीची फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, काही मानसिक आजारांवरची औषधं, आणि ॲसिडिटी-गॅसच्या काही कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आपल्याकडे मेडिकलवर जुनं पाकीट दाखवून दोन-दोन वर्षं घेतली जाते. हे लिहिताना मी आमच्याच घरातला डबा उघडला. ॲसिडिटीच्या एका पाकिटावर बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड छापलेलं होतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

असा पार्किन्सन्स औषध बंद केल्यावर बऱ्याच जणांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराची औषधं तर नाहीच. सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा.

केळ्यात डोपामिन असतं, मग केळी खाऊन बरं वाटेल का?

"डोपामिन वाढवणारे पदार्थ" अशा पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. जळगावकरांसाठी मजेची गोष्ट म्हणजे केळ्यात खरंच डोपामिन असतं. रावेर-यावलच्या केळ्यांतही असणार. पण रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते, ती त्याला अडवते. त्यामुळे केळी आवडतात म्हणून खा, पार्किन्सन्सचा उपचार म्हणून नाही.

या गाळणीतून आत जाणारा पदार्थ म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. हे आपल्या सर्पगंधेपासून मिळणारं औषध. ससे निपचित पडले. मग डोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. पुढे कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं. १९६७ च्या सुमारास जॉर्ज कॉट्झियस यांनी रुग्णांमध्ये योग्य डोस बसवला आणि लेव्होडोपा उपचार म्हणून रुळलं. आजही त्याहून परिणामकारक गोळी नाही. सोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपा मेंदूबाहेरच वाया जाऊ देत नाही. ही जोडगोळी भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि एक गोळी काही रुपयांत मिळते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रासाजिलिन, अमँटाडिन ही इतर औषधं वय आणि लक्षणं बघून दिली जातात.

"मग खाजकुइलीचं काय?" हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी येणारच. अंगाला लागली की आग आग करणाऱ्या या वेलीच्या बियांमध्ये खरंच लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते वेगळं काढलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बोलिव्हियातल्या १८ रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत बियांच्या पुडीचा परिणामही दिसला. अडचण मापाची आहे. बाजारातल्या कुठल्या चूर्णात किती लेव्होडोपा आहे हे कळत नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस दुप्पट होऊन अंग वेडंवाकडं हलू लागतं, भास होतात, बीपी उतरतं. घेत असाल तर न्यूरोलॉजिस्टपासून लपवू नका. "मुळापासून बरा" म्हणणाऱ्या जाहिराती आणि स्टेम सेलची महागडी पॅकेजेस मात्र सरळ सोडून द्या. आजार थांबवणारं किंवा उलटवणारं सिद्ध झालेलं औषध आज जगात कुठेच नाही.

गोळीची वेळ आणि वरण-बट्टी

लेव्होडोपाची गोळी बीपीच्या गोळीसारखी "जेवणानंतर कधीतरी" घेऊन चालत नाही. प्रथिनं पचल्यावर तयार होणारे घटक आणि लेव्होडोपा हे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच दार वापरतात. वरण-बट्टी किंवा उडीद घातलेली कळण्याची भाकरी खाऊन लगेच गोळी घेतली, तर दारात गर्दी होते आणि गोळी मागे राहते. घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही. साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर एक-दीड तासाने गोळी घ्यावी. सुरुवातीला मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालतं. डाळ-दूध बंद करू नका. अंग आधीच वाळत असतं, प्रथिनं लागतातच. गरज पडली तर डॉक्टर ती रात्रीच्या जेवणात जास्त घ्यायला सांगतात.

काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो. आठची गोळी बारापर्यंत पुरायची, ती साडेदहालाच संपते. किंवा गोळी चढली की अंग अनावर डोलू लागतं. अशा वेळी गोळी कधी घेतली, कधी लागू झाली, कधी उतरली हे आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. फाइलमधल्या रिपोर्टांपेक्षा त्यांना तिचा जास्त उपयोग होतो.

गोळी अचानक बंद करणं मात्र धोक्याचं. तीव्र ताप, टोकाचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. रुग्णाला दुसऱ्या कारणाने दवाखान्यात ठेवलं, तर त्याच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा तिथल्या नर्सना पहिल्याच दिवशी लिहून द्या आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन नको, हेही सांगा.

उंबरठ्यावर चिकटलेले पाय

काही रुग्णांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात. हे बहुधा दारात, वळणावर किंवा चिंचोळ्या जागेत होतं. मागून कुणी "चला ना लवकर" म्हटलं की आणखी चिकटतात. याबद्दल पुण्यात वाढलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट फरशीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरताना त्यांनी पाहिले. मग त्यांनी फरशीवर जिन्याचा भास होणारं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. २०१५ मधलं त्यांचं हे टेड-एक्स भाषण ऑनलाइन आहे.

घरी एवढं करायचीही गरज नाही. फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावा, "एक-दोन, एक-दोन" मोजा, किंवा समोर आपलं पाऊल आडवं ठेवून ते ओलांडायला सांगा. ओढू नका, ओढलं की तोल जातो. सैल सतरंज्या काढा, मोरीत पकडायला दांडी बसवा.

व्यायाम हा उपचाराचा भाग आहे, वेळ उरला तर करायची गोष्ट नाही. रोज चालणं, स्ट्रेचिंग, मोठ्याने वाचन, ताल धरून हालचाली. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार गेली कित्येक वर्षं पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतात. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि २००१ मध्ये मुंबईत सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांना आणि सांभाळणाऱ्यांना एकत्र आणतात. मित्रमंडळाचं बरंच साहित्य मराठीत आहे. उदासीनता हीही या आजाराचीच खूण आहे आणि तिच्यावर औषध आहे, हे अशा गटांत लवकर कळतं.

ऑपरेशन आणि कागदपत्रं

डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये मेंदूत बारीक तारा बसवतात आणि छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र. फ्रान्समध्ये १९८७ साली याची सुरुवात झाली. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत हे होतं, खर्च कित्येक लाखांचा. लेव्होडोपाचा फायदा होतो, पण तो टिकत नाही, अशा निवडक रुग्णांनाच ते उपयोगी पडतं. तोल आणि स्मरणशक्तीचे त्रास त्याने सुधारत नाहीत. त्यामुळे शेत विकायचा विचार करण्याआधी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, हे फार कमी घरांना माहीत असतं. ऑनलाइन अर्ज करून सरकारी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी झाली की यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर सवलती लागू होतात. तपासणीला जाताना न्यूरोलॉजिस्टची कागदपत्रं सोबत ठेवा.

आणि सही जुळत नसेल तर? आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या पेन्शनरांसाठी रिझर्व्ह बँकेने सोय ठेवलेली आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठा लावून पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'वरून घरबसल्या, मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. सहीसाठी बाबांना रांगेत उभं करायची गरज नाही.